जमावाची बुद्धी आणि जमावाची जबाबदारी

जमाव आणि सत्ता यांच्या नात्याचा पद्धतशीर विचार युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, आणि त्या विचाराच्या मुळाशी जिज्ञासेपेक्षा भीती अधिक होती. १८७१ मधील पॅरिस कम्यूनच्या उठावाची आठवण ताजी होती, कारखान्यांच्या शहरांत कामगारांचे संप आणि मोर्चे वाढत होते, मतदानाचा हक्क मालमत्ता नसलेल्या माणसापर्यंत पोहोचू लागला होता. अशा वेळी गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ साली जमावाच्या मानसशास्त्रावरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. माणूस एकटा असताना कितीही सुसंस्कृत असला, तरी जमावात मिसळताच त्याची विवेकबुद्धी मावळते, आपल्याला कोणी ओळखत नाही या जाणिवेने त्याच्यावरील बंधने सैल होतात, एकाची भावना दुसऱ्याला संसर्गाने लागते आणि संमोहित झाल्याप्रमाणे तो कोणत्याही सूचनेला बळी पडतो, अशी त्याची मांडणी होती. अशा जमावाला पुढारी लागतो आणि ज्याला जमावाची नाडी कळली त्याच्या हाती सत्ता येते, हा त्या मांडणीचा दुसरा भाग होता. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी हा ल बाँचा चाहता होता, ही गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे.

शास्त्र म्हणून ही मांडणी आज फारशी टिकलेली नाही, परंतु राज्यकर्त्यांच्या, पोलिसांच्या आणि वृत्तपत्रांच्या भाषेत ती अजून ठाण मांडून बसली आहे. दगडफेक झाली की जमाव ‘बेभान’ झालेला असतो, यात्रेत माणसे दगावली की गर्दी ‘अनियंत्रित’ झालेली असते, आणि एकदा हे विशेषण लावले की पुढचा तपास करण्याची गरज कोणाला वाटत नाही. जमावाविषयीचा हा अविश्वास ल बाँच्याही आधीचा आहे आणि भारतात तो कायद्याच्या रूपाने आला. १८६० च्या भारतीय दंड संहितेने विशिष्ट बेकायदा हेतूने एकत्र आलेल्या पाच किंवा अधिक माणसांच्या समुदायाला ‘बेकायदा जमाव’ ठरवले, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ ने अधिकाऱ्यांना जमावबंदीचा अधिकार दिला, आणि १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाल्यानंतरही या तरतुदी भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ मध्ये आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये कायम आहेत.

जमाव खरोखर बुद्धी गमावतो का, या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी महाराष्ट्रात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतका बोलका प्रदेश क्वचितच सापडेल. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग स्वातंत्र्यापूर्वी सातारा जिल्ह्यातच होता; संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हे तालुके आणि कराड, खटाव, कोरेगाव, वाई हे तालुके यांचा राजकीय इतिहास एकाच मातीतला आहे. या मातीत एकाच दशकात अत्यंत शिस्तबद्ध जमावही उभे राहिले आणि अत्यंत क्रूर जमावही, आणि दोन्ही वेळी माणसे बहुतांशी त्याच समाजथरांतील होती; म्हणून येथे सिद्धान्तांची कसोटी लागते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि राष्ट्रीय नेते तुरुंगात गेले, तेव्हा साताऱ्यातील कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या मामलेदार कचेरीवर मोर्चे नेण्याचा मार्ग स्वीकारला. ऑगस्टच्या अखेरीस कराडला मोर्चा निघाला, ३ सप्टेंबरला तासगावला निघाला, ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला निघाला. तासगावात मोर्चेकऱ्यांनी कचेरीवर तिरंगा फडकवला आणि मामलेदाराला गांधी टोपी घालून त्या झेंड्याला वंदन करावे लागले. वडूजला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात मोर्चाच्या अग्रभागी असलेले परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. इस्लामपूरला झालेल्या गोळीबारात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंता उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे यांचे प्राण गेले.

या मोर्चांचे स्वरूप पाहिले तर ल बाँच्या जमावाशी त्यांचे साम्य कोठे दिसत नाही. मामलेदार कचेरी हे ठिकाण लोकांनी जाणीवपूर्वक निवडले होते, कारण शेतसारा भरावा लागे तो तेथे, जमिनीचे दप्तर होते तेथे, आणि परकीय राज्य शेतकऱ्याला रोज ज्या रूपात भेटत असे ते रूप म्हणजे हीच इमारत होती. तासगावच्या मोर्चाच्या हाती मामलेदार आला होता. त्याला मारहाण करणे सोपे होते, तरी लोकांनी त्याच्याकडून झेंड्याला वंदन करवून घेतले, म्हणजे माणसाला इजा न करता त्याच्या अधिकाराचा मान उतरवला. जॉर्ज रूदे या इतिहासकाराने फ्रेंच राज्यक्रांतीतील जमावांचा अभ्यास करताना पोलिसांची जुनी दफ्तरे तपासली आणि त्या जमावांत गुन्हेगार व भटके नसून कारागीर, दुकानदार, कामगार असे घरसंसार असलेले लोक होते, त्यांची लक्ष्ये ठरलेली होती, हे दाखवून दिले. ई. पी. थॉम्पसन यांनी १९७१ मधील एका निबंधात अठराव्या शतकातील इंग्लंडमधल्या धान्याच्या दंगलींविषयी असेच काही मांडले: भुकेलेला जमाव गोदाम फोडतो तेव्हा अनेकदा तो धान्य लुटत नाही, तर त्याला रास्त वाटणाऱ्या भावाने ते विकायला लावतो, कारण काय न्याय्य आणि काय अन्याय्य याविषयी त्याची एक सामायिक कल्पना असते. या कल्पनेला थॉम्पसन यांनी ‘नैतिक अर्थव्यवस्था’ असे नाव दिले. साताऱ्याच्या शेतकऱ्यापाशीही अशी सामायिक कल्पना होती आणि ती एका रात्रीत आलेली नव्हती. महात्मा फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. त्यांनी १८७३ साली पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे जलसे आणि सभा या भागात गावोगाव पोहोचल्या होत्या, आणि भटजी-शेटजींच्या वर्चस्वाविषयी उघड बोलण्याची सवय येथील बहुजन शेतकऱ्याला काँग्रेसच्या आधी लागलेली होती. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे वाळवा तालुक्यातील कासेगाव हेच घर मानलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑमव्हेट यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ब्राह्मणेतर चळवळीचा हा प्रवाह उलगडला आणि नंतरच्या लेखनात, बेचाळीसच्या लढ्यातून येथे उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारची मुळे त्यात शोधली.

वडूज आणि इस्लामपूरच्या गोळीबारानंतर जे घडले, ते जमावाच्या सिद्धान्तांच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाचे आहे. १९८१ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवलेले एलियास कानेटी यांनी ‘जमाव आणि सत्ता’ या विषयावर १९६० मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. १९२७ साली व्हिएन्नात न्यायमंदिराची इमारत पेटवणाऱ्या जमावात ते स्वतः होते आणि तो अनुभव त्यांच्या विचाराच्या मुळाशी आहे. परक्याच्या स्पर्शाचे भय माणसाला नेहमी असते, फक्त दाट जमावातच ते गळून पडते, आणि ज्या क्षणी उच्चनीचतेचे सारे भेद विरघळून सर्वजण समान झाल्याचे जाणवते, तो क्षण म्हणजे जमावाची खरी परिपूर्ती, असे त्यांचे निरीक्षण आहे. परंतु हा क्षण टिकत नाही. जमाव वाढत राहिला तरच जगतो, आणि वाढ थांबली की तो पांगतो. गोळीबारानंतर साताऱ्यातही जमाव पांगायला हवा होता. मोठ्या संख्येने उघड्यावर एकत्र येणे म्हणजे बंदुकीपुढे छाती धरणे, हे लोकांना कळून चुकले होते. तरीही पुढच्या काही महिन्यांत त्या जमावाचे रूपांतर ग्रामसमित्या, न्यायदान मंडळे आणि तुफान सेना हे सशस्त्र दल यांत झाले, आणि १९४३ पासून १९४६ पर्यंत जिल्ह्याच्या मोठ्या भागात ब्रिटिशांच्या राज्याशेजारी लोकांचे दुसरे राज्य, म्हणजेच प्रतिसरकार, चालले.

या राज्याचे सर्वमान्य नेते क्रांतिसिंह नाना पाटील हे येडे मच्छिंद्रचे. कधीकाळी तलाठी म्हणून नोकरी केलेला हा माणूस १९३० च्या चळवळीत नोकरी सोडून बाहेर पडला होता. त्यांच्याबरोबर कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी, वाई भागातील किसन वीर, शिराळ्याचे बर्डे गुरुजी अशी माणसे होती, आणि अच्युतराव पटवर्धनांसारख्या समाजवादी नेत्याचे मार्गदर्शन होते. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे कर्मचाऱ्यांचा पगार घेऊन जाणारी गाडी अडवून पैसा हस्तगत करण्यात आला. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आपल्या साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, त्यात दोघा साथीदारांना मरण आले आणि दादांना गोळी लागली. एप्रिल १९४४ मध्ये कुंडल-वाळव्याच्या तरुणांनी धुळे भागात जाऊन सरकारी खजिना लुटला. या धाडसी घटना लोकस्मृतीत ठळक राहिल्या आहेत आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. प्रतिसरकारचे खरे सामर्थ्य मात्र रोजच्या, कमी गाजलेल्या कामांत होते: जमिनीच्या वाटणीचे तंटे सोडवणे, सावकाराच्या ताब्यातील गहाण जमिनीचा निवाडा करणे, दरोडेखोरांचा आणि गावगुंडांचा बंदोबस्त करणे, दारूबंदी राबवणे, नवऱ्याने टाकलेल्या बाईची तक्रार ऐकून घेणे, आणि कर्ज काढून होणाऱ्या लग्नांऐवजी अल्प खर्चाचे ‘गांधी विवाह’ लावणे.

कोणाची आज्ञा लोक दंडाच्या भीतीशिवायही पाळतात, हा माक्स वेबर यांच्या समाजशास्त्रातला मध्यवर्ती प्रश्न आहे. एखाद्या प्रदेशात बळ वापरण्याचा अधिकृत हक्क फक्त स्वतःकडे ठेवण्यात जी संस्था यशस्वी होते तिला त्यांनी राज्य म्हटले, आणि लोक सत्तेला मान्यता देतात ती परंपरेमुळे, नेत्याच्या विलक्षण व्यक्तिमत्त्वामुळे किंवा नियम-कायद्यावरील विश्वासामुळे, असे तीन आधार सांगितले. नाना पाटलांच्या ठिकाणी दुसऱ्या प्रकारची सत्ता होती, यात शंका नाही. त्यांचे रांगडे, शेतीतल्या दाखल्यांनी भरलेले भाषण ऐकायला माणसे मैलोन्मैल चालत येत. परंतु नाना भूमिगत होते, आज या गावी तर उद्या त्या वस्तीवर असत, आणि त्यांच्या गैरहजेरीतही गावोगावी निवाडे होत राहिले. म्हणजे नेत्याच्या व्यक्तिमत्त्वावरची श्रद्धा येथे अल्पावधीत नियमावरच्या विश्वासात मुरली होती. पोलीस पाटील, तलाठी आणि चावडी यांच्या साखळीतून ब्रिटिश राज्य गावात पोहोचत असे, आणि ही साखळी निकामी झाल्यावर त्या राज्याकडे बंदुका उरल्या तरी गावातले काय चालले आहे हे सांगणारे डोळे आणि कान उरले नाहीत.

हॅना आरेन्ट या विचारवंत महिलेने १९७० मध्ये हिंसेवरील आपल्या निबंधात सत्ता आणि हिंसा यांच्यात जो भेद केला, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणे कठीण आहे. आरेन्ट यांच्या मते सत्ता ही कोणा एकाच्या मुठीत असणारी वस्तू नाही. माणसे एकत्र येऊन एकविचाराने कृती करू लागली की त्यांच्या दरम्यान सत्ता निर्माण होते, आणि ती माणसे विखुरली की ती नाहीशी होते, तर हिंसेला केवळ साधने लागतात. सत्ता ओसरते तेथे हिंसा वाढते. १९४३ नंतरच्या साताऱ्यात ब्रिटिशांकडे हिंसेची सारी साधने होती आणि सत्ता नव्हती. तुफान सेनेकडे मोजकी हत्यारे होती आणि सत्ता होती. १९४४ मध्ये गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिल्यानंतरही येथील बहुसंख्य कार्यकर्ते बाहेर आले नाहीत, आणि १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर वॉरंटे उठली तेव्हाच ते उजळ माथ्याने गावात परतले.

हे सर्व घडू शकले त्यामागे भूगोल होता आणि संस्थात्मक सवयही होती. औंध हे छोटे संस्थान सलग नव्हते. त्याची गावे ब्रिटिश मुलुखात विखुरलेली होती, त्यामुळे हद्द ओलांडून दुसऱ्या अंमलाखाली जाणे भूमिगतांना सोपे जाई. त्याहून महत्त्वाचे असे की, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने, पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने १९३९ मध्ये आपला राज्याधिकार प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना लागू केली होती, जिच्यात गावच्या पंचायतीला कारभाराचे आणि न्यायाचे अधिकार होते. तुफान सेनेचे प्रमुख केंद्र असलेले कुंडल हे गाव औंध संस्थानातले. ज्या गावाने तीन-चार वर्षे स्वतःचा कारभार चालवून पाहिला होता, त्याच गावातून प्रतिसरकारचा कणा उभा राहिला, हा योगायोग मानणे कठीण आहे. जमाव संस्थेत रूपांतरित होतो तेव्हा त्याच्यापाशी संस्था चालवण्याची काही पूर्वतयारी असावी लागते.

प्रतिसरकारची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. खबऱ्यांना आणि गुंडांना पायाच्या तळव्यांवर मार देण्याची शिक्षा होत असे, आणि प्रतिसरकारचे ‘पत्री सरकार’ हे नाव त्या शिक्षेशी जोडले गेले. आधुनिक न्यायालयात आरोपीला जे संरक्षण मिळते, ते अशा निवाड्यांत नव्हते. ज्या गावात सर्वजण एकमेकांना ओळखतात, तेथे लोकांचा न्याय जितका जलद तितकाच जुन्या वैराच्या आहारी जाण्याचा धोकाही मोठा असतो. चळवळीतील जाणत्या माणसांना हे कळत होते, आणि तरीही तो धोका पूर्णपणे टळला असे म्हणता येणार नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि मारेकरी चित्पावन ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर या साऱ्या पट्ट्यात ब्राह्मणांच्या घरांना आगी लागल्या. शेकडो घरे जळाली, काही ठिकाणी माणसेही मारली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेली कुटुंबे पुणे-मुंबईकडे निघून गेली. स्वतः बेचाळीसच्या चळवळीत भाग घेतलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ ही कादंबरी याच जळितावर लिहिली. प्रतिसरकारचे वॉरंट उठून दोन वर्षेही झाली नव्हती, तोच त्याच तालुक्यांत हे घडले, आणि त्यामुळे जमावाच्या बुद्धीविषयी आतापर्यंत केलेले प्रतिपादन येथे डळमळेल, असे कोणालाही वाटेल.

परंतु घटना बारकाईने पाहिल्यास हे जळितही ‘बेभान’ नव्हते, आणि हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे. जमावांनी वाटेल ते पेटवले नाही. गावातील नेमकी घरे निवडली आणि शेजारची सोडली. स्टीफन रायकर या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये ब्रिस्टल शहरातील सेंट पॉल्स भागात झालेल्या दंगलीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असे आढळले की जमावाने पोलिसांवर आणि बँकेसारख्या संस्थांवर हल्ला केला, पण वस्तीतल्या घरांना आणि छोट्या दुकानांना बहुतांशी हात लावला नाही. जमावात माणूस स्वतःला हरवत नाही. तो ‘मी’ बाजूला ठेवून ‘आम्ही’ म्हणून वागू लागतो, आणि आम्ही कोण, परके कोण, काय करणे रास्त, याविषयी त्या गटाच्या मनात आधीपासून जे ठरलेले असते तेच कृतीत उतरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. १९४२ च्या मोर्चातील ‘आम्ही’ म्हणजे परकीय राज्याविरुद्ध उभे राहिलेले सारे गाव होते आणि त्यात अनेक ब्राह्मण कार्यकर्तेही होते. १९४८ मधील ‘आम्ही’ जातीपुरते आक्रसले, आणि वर्चस्वाविरुद्धचा जो राग सत्यशोधकांनी विचाराने मांडला होता, तो कोणताही विचार न पाळता शेजाऱ्याच्या घरावर, तेथल्या बायकामुलांवर आणि ज्यांनी कधी कोणाची जमीन गहाण ठेवून घेतली नव्हती अशा माणसांवर उतरला. कुळ आणि जमीनमालक यांच्यातील प्रश्न खरा होता. तो सोडवण्यासाठी त्याच १९४८ साली मुंबई राज्यात कुळकायदा झाला. त्या खऱ्या प्रश्नामुळे जळित समर्थनीय ठरत नाही.

येथे सिद्धान्ताची एक सोय नाकारावी लागते. ल बाँची मांडणी वरवर जमावाची निंदा करते, पण प्रत्यक्षात ती जमावातील प्रत्येकाला निर्दोष ठरवते, कारण संमोहित माणसाला दोष कसा द्यायचा? रूदे, थॉम्पसन आणि रायकर यांनी जमावाला त्याची बुद्धी परत दिली, आणि बुद्धीबरोबर जबाबदारीही आपोआप परत आली. तासगावच्या मोर्चाचे श्रेय ज्यांना द्यायचे, त्यांच्याच समाजाने जळिताचा हिशेबही मांडला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर प्रतिसरकारच्या पिढीतील ऊर्जा निवडणुकांत आणि सहकारात गेली. देवराष्ट्र्यात जन्मलेले, कराडचे यशवंतराव चव्हाण १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, वसंतदादांनी सांगलीत साखर कारखाना उभारला आणि पुढे तेही मुख्यमंत्री झाले, किसन वीरांचे नाव भुईंजच्या कारखान्याला आहे, नागनाथअण्णांनी वाळव्यात हुतात्मा कारखाना काढला, तर नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर गेले. शेतकऱ्याच्या हातात ऊस, गाळप आणि भाग यांची मालकी आली, हे लहान यश नव्हे. मात्र रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्येच दाखवून दिले होते की कोणतीही मोठी संघटना, मग ती कितीही लोकशाहीवादी असो, कालांतराने मूठभरांच्या हाती जाते, कारण माहिती, वेळ आणि यंत्रणा त्यांच्यापाशीच साठते. अँथनी कार्टर यांनी फलटण भागाचा अभ्यास करून १९७४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणातील अशाच वरच्या थराचे आणि त्यांच्या आपसांतील युत्यांचे चित्र रेखाटले. कारखान्याच्या वार्षिक सभेत विषयपत्रिका वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर उठतो, तेव्हा एकेकाळी निवाडे करणारा समुदाय श्रोत्यांचा समुदाय झालेला असतो. याच भागात येरळा नदीवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी नदीतील वाळूच्या उत्पन्नातून बळीराजा धरण उभारले आणि पाण्याच्या समान वाटपाचा आग्रह धरला, ही त्या जुन्या परंपरेची जिवंत खूण म्हणता येईल.

जमावावर दोष ढकलण्याची सवय किती महाग पडते, हे मांढरदेवीच्या दुर्घटनेने दाखवले. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, वाई तालुक्यातील काळूबाईच्या यात्रेत जवळपास तीनशे भाविकांचे प्राण गेले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, डोंगरावरची अरुंद वाट, तिच्या दोन्ही अंगांना दाटीने लागलेली दुकाने आणि नंतर दुकानांना लागलेली आग व फुटलेली गॅसची सिलिंडरे यांची ती साखळी होती, आणि तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग नेमला गेला. गर्दीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सांगतात की एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे उभी राहिली की कोणाचेही पाऊल स्वतःच्या ताब्यात राहत नाही, मागच्या रेट्याच्या लाटा पुढे सरकत जातात आणि पुष्कळ माणसे उभ्या उभ्याच छातीवरील दाबाने गुदमरून मरतात. मागच्याला पुढचे काही दिसत नसते. तेथे भाविकांच्या अंधश्रद्धेला किंवा उन्मादाला बोल लावणे सोपे होते, पण मरणाला कारण झाली ती वाटेची रुंदी, उताराची निसरड आणि एकाच वेळी वर सोडलेल्या माणसांची संख्या.

अलीकडच्या काळातला जमाव रस्त्यावर येण्याआधी मोबाइलवर तयार होतो. गाब्रिएल तार्द या ल बाँच्या समकालीन समाजशास्त्रज्ञाने १९०१ मध्येच असे सुचवले होते की आधुनिक युग हे जमावाचे नसून, एकच वृत्तपत्र वाचणाऱ्या, एकमेकांपासून दूर बसलेल्या आणि तरीही एकाच भावनेने बांधलेल्या लोकसमुदायाचे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे मुले पळवणारी टोळी समजून चार साधूंना मारहाण झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील मजकुरावरून उसळलेल्या हिंसाचारात प्रार्थनास्थळात घुसलेल्या जमावाने एका तरुणाचा जीव घेतला. दोन्ही ठिकाणी हात उगारले जाण्याआधी परका कोण हे ठरवून झाले होते, आणि ते ठरले होते फिरत आलेल्या संदेशांतून. पुसेसावळीपासून वडूज दूर नाही. परशुराम घार्गे यांच्या स्मृतीला वंदन करणाऱ्या तालुक्याने या मरणाकडेही तितक्याच गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे.

प्रतिसरकारमध्ये प्रत्यक्ष काम केलेल्या माणसांपैकी आता फारच थोडी हयात असतील. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील २०२१ मध्ये आणि तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र लाड २०२२ मध्ये गेले. पत्रकार पी. साईनाथ यांनी यांपैकी काहींच्या आठवणी वेळेवर टिपून ठेवल्या, म्हणून त्या उरल्या. हेच काम दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी आणि ग्रामपंचायतींनी गावपातळीवर हाती घ्यावे: न्यायदान मंडळांच्या निवाड्यांची कागदपत्रे, ग्रामसमित्यांच्या नोंदी, मोर्चात गेलेल्यांच्या घरच्यांनी ऐकलेल्या हकिकती जमवाव्यात, आणि त्याच वहीत १९४८ च्या जळिताच्या हकिकतीही, ज्यांची घरे जळाली त्यांच्याकडून आणि ज्यांच्या वाडवडिलांनी ती जळताना पाहिली त्यांच्याकडून, नावगावासह लिहून घ्याव्यात.